एकच सर्किट, तीन किमती: घरी बनवलेल्या ईसीयूमधून धंद्याचा धडा



इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाइल शिकलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, इंजिनच्या ईसीयूचं सर्किट इंटरनेटवर फुकट मिळतं. ते बनवून विकलं तर धंदा होईल का?"

होईल. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जे सर्किट तुम्हाला फुकट मिळालं, ते तुमच्या ग्राहकालाही फुकटच मिळणार आहे. मग तो तुम्हाला पैसे कशाचे देईल? त्याच्या डोक्यावरचं काम आणि धोका तुम्ही स्वतःकडे घेता, त्याचे. किती काम घेता, किती धोका घेता, त्यावर तुमची किंमत ठरते. ईसीयूचा धंदा बघितला की हा नियम फार स्वच्छ दिसतो, म्हणून आजचा धडा त्यावर आहे. शेवटी गृहपाठ आहे, तो सोडू नका.

१. ईसीयू नेमकं करतो काय?

जुन्या गाडीत कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे काम इंजेक्टर करतो, आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. सोबत स्पार्क कधी टाकायचा हेही तोच ठरवतो. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनच मुख्य निर्णय: किती पेट्रोल, आणि स्पार्क कधी.

एक हिशोब करून बघू. समजा २०० सीसीचं एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा, मॅनिफोल्डमधला दाब साधारण १०० किलोपास्कल, हवेचं तापमान ३० अंश. सिलिंडर पूर्ण भरला तर त्यात सुमारे ०.२३ ग्रॅम हवा मावते. प्रत्यक्षात तो पूर्ण भरत नाही. ८० टक्के भरला असं धरा, म्हणजे ०.१८४ ग्रॅम. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ लागतं. म्हणजे पेट्रोल झालं सुमारे १२.५ मिलिग्रॅम.

आता इंजेक्टर मिनिटाला १५० सीसी पेट्रोल सोडणारा असेल, तर तो एका मिलिसेकंदात साधारण १.८५ मिलिग्रॅम सोडतो. १२.५ भागिले १.८५, म्हणजे जवळजवळ ६.८ मिलिसेकंद. इंजेक्टरची सुई उचलायला जो वेळ जातो तो वरून मिळवायचा, धरा १ मिलिसेकंद. एकूण ७.८.

६,००० आरपीएमला फोर-स्ट्रोकचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, म्हणजे इंजेक्टरला वेळ भरपूर आहे. पण त्याच वेगाला क्रँक एक अंश फिरायला फक्त २८ मायक्रोसेकंद लागतात. स्पार्क त्या हिशोबात बसवायचा असतो.

हा "८० टक्के" आकडा मात्र प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक लोडला बदलतो. म्हणून ईसीयूमध्ये त्याचा एक तक्ता असतो, त्याला व्हीई टेबल म्हणतात. आडवा आरपीएम, उभा लोड. १६ गुणिले १६ चा तक्ता असेल तर २५६ घरं. ही घरं त्या विशिष्ट इंजिनसाठी बरोबर भरणं म्हणजे ट्यूनिंग. बोर्ड एकदा बनतो. तक्ता मात्र दर इंजिनला नवा भरावा लागतो. धंद्याचं बीज इथे आहे, लक्षात ठेवा.

२. हे सुरू कुठून झालं?

अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू आणला. त्याआधी ते ईएफआय ३३२ नावाच्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात होते. तो ताकदवान होता, पण सामान्य माणसाला बांधून पूर्ण करायला जड होता. मेगास्क्वर्टमध्ये त्यांनी उलटी दिशा धरली. साधा ८ बिटचा मोटोरोला प्रोसेसर, ८ गुणिले ८ चा तक्ता, आणि सुरुवातीला फक्त पेट्रोलचं नियंत्रण. स्पार्क जुन्या डिस्ट्रिब्युटरवरच राहू दिला. स्पार्कची सोय नंतर आली.

यातली अक्कल बघा. पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली नाही, तर दोष शोधायचा कुठे? एकच बदलला तर शोधायची जागा निम्मी होते.

दुसरी हुशारी किटमध्ये होती. भाग असे निवडले की पाय बोर्डच्या भोकातून घालून साध्या सोल्डरिंग गनने जोडता येतील. बांधणीची माहितीपुस्तिका टप्प्याटप्प्याची होती: आधी पॉवर सप्लाय जोडा, ५ व्होल्ट येतात का मोजा, मगच पुढचा भाग. सोबत स्टिम्युलेटर नावाचा एक छोटा बोर्ड मिळायचा. त्यावरची बटणं फिरवली की तो आरपीएम, तापमान, थ्रॉटल यांचे खोटे सिग्नल देतो. म्हणजे गाडीला हात न लावता टेबलावर ईसीयू तपासता येतो.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टने स्पीडुइनो हा प्रकल्प उभा केला. त्याचा मेंदू म्हणजे आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दिसणारा अर्डुइनो मेगा २५६० बोर्ड, १६ मेगाहर्ट्झचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा बोर्ड सहज मिळतो. त्यावर बसणारं सर्किट आणि आतला प्रोग्रॅम दोन्ही खुले आहेत.

इथे एक सावधगिरी. फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे. स्पीडुइनोचा प्रोग्रॅम जीपीएल लायसन्सखाली आहे. विकू शकता, बदलू शकता, पण बदललेला प्रोग्रॅम घालून विकलात तर त्याचा सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागतो. मेगास्क्वर्टचा प्रोग्रॅम वाचायला मिळत असला तरी तो त्यांच्याच हार्डवेअरवर वापरण्याची अट आहे. लायसन्स वाचल्याशिवाय एक रुपयाचाही माल भरू नका.

३. एकच सर्किट, तीन पायऱ्या

आता धंद्याकडे या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डीआयवायऑटोट्यून नावाची कंपनी आहे. मेगास्क्वर्टचं डिझाइन तिचं नव्हतं. पण तिने काय विकलं ते बघा.

पहिली पायरी: सुट्या भागांचं किट. जोडायचं तुम्ही, तपासायचं तुम्ही. किंमत सगळ्यात कमी.

दुसरी पायरी: जोडून आणि तपासून दिलेला बॉक्स. वायरिंग मात्र तुमची.

तिसरी पायरी: प्लग अँड प्ले. ठरावीक मॉडेलच्या गाडीचा मूळ कनेक्टर सरळ बसेल असा बॉक्स, आत त्या गाडीपुरता सुरुवातीचा तक्ता भरलेला. किंमत सगळ्यात जास्त.

आतला मेंदू त्याच घराण्यातला. मग किंमत वर का जाते? पहिल्या पायरीवर सोल्डरिंग बिघडण्याचा धोका ग्राहकाचा होता, दुसऱ्या पायरीवर तो विक्रेत्याने घेतला. तिसऱ्या पायरीवर वायरिंग चुकण्याचा आणि गाडी अजिबात सुरू न होण्याचा धोकाही त्यानेच घेतला. ग्राहकाचा रविवार वाचला, आणि त्या रविवारचे पैसे विक्रेत्याला मिळाले.

४. विकण्याआधी एक स्वतः बनवा

ग्राहकाचं काम कुठे अडतं हे कळण्यासाठी एक ईसीयू स्वतः पूर्ण करा. क्रम सोडू नका.

*पहिला टप्पा, टेबल.* बोर्ड जोडा, प्रत्येक भागानंतर मल्टिमीटरने मोजा. गाडीत १२ व्होल्ट लिहिलेले असले तरी स्टार्टर मारताना व्होल्टेज बरंच खाली येतं आणि कधी मोठे झटके येतात. संरक्षणाचे डायोड वगळून पैसे वाचवू नका.

*दुसरा टप्पा, खोटे सिग्नल.* स्टिम्युलेटर लावा. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ उघडा. तापमानाचं बटण फिरवलं की आकडा हलतो का? आरपीएम वाढवला की इंजेक्टरच्या जागी लावलेला एलईडी जास्त वेळा लुकलुकतो का? इथे समाधान झाल्याशिवाय इंजिनजवळ जाऊ नका.

*तिसरा टप्पा, क्रँक सेन्सर.* ईसीयूला क्रँकची जागा कळते ती दातांच्या चाकावरून. ३६-१ चाक म्हणजे ३६ दातांच्या जागा आणि त्यातला एक गाळलेला. प्रत्येक दात १० अंशांचा. गाळलेला दात आला की ईसीयूला ओळख पटते. सेन्सर हॉल प्रकारचा असेल तर तो स्वच्छ चौकोनी सिग्नल देतो. चुंबकीय व्हीआर सेन्सर असेल तर लाटेसारखा सिग्नल येतो, त्याला कंडिशनर सर्किट लागतं.

*चौथा टप्पा, वायरिंग.* सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे. क्रँक सेन्सरची वायर शील्डवाली घ्या, इग्निशन कॉइलच्या वायरपासून लांब ठेवा. सेन्सरचे ग्राउंड ईसीयूकडेच परत आणा, बॉडीवर कुठेही टाकू नका. ईसीयूचे पॉवर ग्राउंड इंजिन ब्लॉकवर एकाच जागी घट्ट कसा. इंजिन अधूनमधून मिस करत असेल तर तक्त्याला हात लावण्याआधी ग्राउंड तपासा.

*पाचवा टप्पा, पेट्रोल.* इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण ३ बारचा दाब असतो. सैल क्लिप म्हणजे पेट्रोलचा फवारा. चावी लावल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबला पाहिजे आणि आरपीएमचा सिग्नल आल्यावरच पुन्हा सुरू झाला पाहिजे. इंजिन बंद पडलं की पंपही बंद. हे आधी तपासा. अग्निशामक हाताशी ठेवा, शेजारच्या खोलीत नको.

*सहावा टप्पा, स्पार्क.* ट्यूनरस्टुडिओत टायमिंग एका आकड्यावर, समजा १० अंशांवर, लॉक करा. टायमिंग लाइट मारून क्रँकवरही १० च दिसतात का बघा. स्क्रीनवर १० आणि प्रत्यक्षात २० असेल तर इंजिन नॉकिंग करेल, आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

*सातवा टप्पा, ट्यूनिंग.* सायलेन्सरच्या पाइपमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावा. पूर्ण लोडला मिश्रण १४.७ च्या आसपास ठेवत नाहीत, साधारण १२.५ ते १३ असं जाडसर ठेवतात. नेहमी जाड बाजूकडून बारीक बाजूकडे या. जाड मिश्रणात धूर निघेल, प्लग काळा पडेल. पातळ मिश्रणात इंजिन जाईल. हे काम डायनोवर किंवा खासगी ट्रॅकवर करायचं, हायवेवर नाही.

प्रत्येक टप्प्याला किती तास गेले ते वहीत लिहा. ही वही बोर्डपेक्षा महाग आहे. तिच्यातून तुमची किंमत निघणार आहे.

५. फोनचे तास कोण मोजणार?

आता रुपयांत बोलू. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा किटचे भाग ८,००० रुपयांचे. पॅकिंग-कुरियर ४००. विक्री ११,०००. कागदावर शिल्लक २,६००. छान वाटतं.

पण किट घेणारा माणूस फोन करतो. "सर, लाइट लागत नाही." "सर, आरपीएम शून्य दाखवतोय." एका किटमागे ८ तास फोन आणि व्हॉट्सॲपवर गेले, आणि तुमच्या तासाची किंमत ३०० धरली, तर २,४०० तिथेच गेले. उरले २००. वीस किट विकलीत तर १६० तास फोनवर आणि हातात ४,०००. याला धंदा म्हणत नाहीत, समाजसेवा म्हणतात.

मग उपाय? मेगास्क्वर्टची ती टप्प्याटप्प्याची पुस्तिका आठवा. समजा तुम्ही ६० तास घालून मराठीत आणि हिंदीत स्वच्छ पुस्तिका आणि फोटो तयार केले. खर्च १८,०००. वीस किटवर वाटला तर प्रत्येकी ९००. फोन ८ तासांवरून २ तासांवर आला, म्हणजे ६००. आता शिल्लक: २,६०० वजा ९०० वजा ६००, म्हणजे १,१००. एकविसाव्या किटपासून पुस्तिकेचा खर्च निघालेला असतो, तेव्हा शिल्लक २,०००.

तेच भाग, तीच किंमत. फरक पडला तो लिहून ठेवलेल्या माहितीने.

आणि एक कागद पहिल्या विक्रीच्या आधी तयार पाहिजे: जबाबदारीचा कागद. बोर्ड जळला तर कोण बदलून देणार, किती दिवसांत? वायरिंग ग्राहकाने केली आणि इंजिन सीझ झालं, तर कोणाचा खर्च? १,१०० रुपयांच्या नफ्यावर चाळीस हजारांच्या इंजिनची हमी देता येत नाही. किट विकताना इंजिनची जबाबदारी तुमची नाही, हे स्पष्ट लिहा. ट्यूनिंगसह पूर्ण काम घेत असाल तर जबाबदारी घ्या, पण किंमतही त्या हिशोबाने लावा.

६. आपल्याकडे गिऱ्हाईक कोण?

आधी कोण नाही ते सांगतो. रस्त्यावर धावणाऱ्या नोंदणीकृत गाडीचा ईसीयू बदलून देण्याचा धंदा करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने ती मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळी होईल. त्यात उत्सर्जनाचे नियम वेगळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं, त्या गाड्यांचा ईसीयू धुराच्या मर्यादेचंही काम बघतो. तो काढून घरचा बसवला की ती मर्यादा पाळली जाते याची खात्री कोण देणार? मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणपत्र घेणं हा एकट्या माणसाच्या खिशाला न झेपणारा खेळ आहे.

मग उरतं काय? बरंच उरतं.

*कॉलेजच्या रेसिंग टीम.* फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत, जशी आपल्याकडची फॉर्म्युला भारत, मुलं ७१० सीसीपर्यंतचं फोर-स्ट्रोक इंजिन वापरतात, आणि पेट्रोल इंजिनला हवा फक्त २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून घ्यावी लागते. हवा बदलली की कंपनीचा तक्ता जुळत नाही. त्यांना असा ईसीयू लागतो ज्याची २५६ घरं स्वतः भरता येतील. पण ओळखा, टीमकडे सोल्डरिंग करणारी मुलं असतात. त्यांना कमी असतो तो स्पर्धेआधीचा वेळ. त्यांना हार्नेस आणि ट्यूनिंग विका.

*शिकवणाऱ्या संस्था आणि गॅरेजवाले.* बीएस ६ नंतर बहुतेक दुचाक्या इंजेक्शनवर आल्या. कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलणारा मेकॅनिक आता सेन्सरसमोर थबकतो. त्याला दाखवायला एक बोर्ड बनवा: प्लायवूडवर ईसीयू, स्टिम्युलेटर, सेन्सर, इंजेक्टर, कॉइल आणि वायरिंग उघडी. बटण फिरवलं की इंजेक्टरची टिकटिक बदलते, एलईडी दिसतो. त्यावर पेट्रोल अजिबात घालायचं नाही. एक सेन्सर काढायचा आणि विचारायचं, "आता काय होईल?" आयटीआय, खासगी प्रशिक्षण वर्ग, मोठी गॅरेजेस, सगळ्यांना हे उपयोगी आहे. इथे इंजिनच नाही, म्हणजे इंजिन जाण्याचा धोका नाही, आणि रस्त्याच्या कायद्याचा प्रश्नही नाही. सुरुवात करणाऱ्याला मी हीच पायरी सुचवेन.

*टेस्ट बेंच आणि प्रयोगशाळा.* इंजिनवर प्रयोग करणाऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजला बंद डब्यातला कंपनीचा ईसीयू नको असतो, उघडा आणि बदलता येणारा हवा असतो. ऑर्डर कमी, पण एक काम नीट केलं की तेच कॉलेज पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतं.

७. गृहपाठ

एक कागद घ्या. तीन रकाने आखा: "ग्राहकाचं काम", "ग्राहकाचा धोका", "मी उचलणार का?"

पहिल्या रकान्यात ईसीयू घेतल्यापासून तो चालेपर्यंत ग्राहकाला करावी लागणारी प्रत्येक गोष्ट लिहा. भाग शोधणं, सोल्डरिंग, तपासणी, हार्नेस, सेन्सर बसवणं, ट्यूनिंग, बिघाड शोधणं. दुसऱ्यात ते चुकलं तर त्याचं किती नुकसान होईल ते रुपयांत. तिसऱ्यात हो किंवा नाही. जिथे "हो" लिहिलंत तिथे तुमच्या वहीतले तास टाका आणि तासाच्या दराने गुणा. खाली बेरीज करा. तुमच्या मालाची किंमत ही आहे. बाजारात दुसरा कितीला विकतो ते त्यानंतर बघा.

ईसीयू तुमचा विषय नसेल तरी हा कागद करा. मसाल्याचं पॅकेट असो, शिवणकाम असो, सोलर पॅनेल बसवणं असो, ग्राहक कोणतं ओझं खाली ठेवायला तुमच्याकडे येतो हे एकदा कळलं की भाव सांगताना आवाज अडखळत नाही.

कागद पूर्ण झाला की त्यातली फक्त एक ओळ कमेंटमध्ये लिहा: जिथे तुम्ही "हो" लिहिलंय पण आजवर त्याचे पैसेच लावले नव्हते. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या पाच ओळी घेऊन आपण भाव काढू.

भेटू पुढच्या भागात. तोवर ग्राउंड घट्ट ठेवा!